झिरोचं तिकीट

पुण्याला कुणी जायचं हे कळंबकडच्या घरांत हल्ली काम बघून ठरत नाही, सवलत बघून ठरतं. लेक बाळंत झाली, भाच्याची वास्तुशांत आहे, डोळे दाखवायचेत, ही कारणं मागाहून जुळवली जातात. आधी दिवाणावर सगळ्यांची कार्डं पसरायची आणि बेरजेला बसायचं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरचे एसटीत फुकट. मार्च २०२३ पासून बायका अर्ध्यात. पासष्टीच्या पुढचे पुरुष अर्ध्यात, पाच ते बाराची पोरं अर्ध्यात. उरला कोण? घरचा कर्ता बाप्या. सहा माणसांच्या घरात फुल तिकीट लागणारा हा एकटाच जीव, त्यामुळं घरच्यांचं पटकन एकमत होतं, "तुम्ही ऱ्हावा घरी, म्हशीचं कोण बघल?" तरीही तो येतो. पुण्यात कुठली बस धरायची हे आपल्यालाच कळतं, अशी त्याची समजूत असते.

अशाच एका घरात सगळी मदार आजोबांवर, म्हणजे आबांवर. आबा सांगतात, रझाकारात मी आईच्या कडेवर होतो, तिनं मला घेऊन रातोरात बार्शी गाठली. म्हणजे जन्म सप्टेंबर १९४८ च्या आधीचा, वादच नको. निजाम त्या सप्टेंबरात गेला हे सगळ्यांना मान्य आहे, दर १७ सप्टेंबरला झेंडाही लागतो. पण आबांच्या कार्डावर आहे १ जून १९५०. मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख. आमच्याकडची निम्मी म्हातारी माणसं १ जूनलाच जन्मली आहेत, बाकीचे दिवस आया बहुतेक रानात होत्या. कंडक्टरला रझाकार चालत नाही, कार्ड लागतं. म्हणून सगळं घर आबा कागदावर पंचाहत्तर होण्याची वाट बघत थांबलं, आणि २०२५ च्या १ जूनला त्या घरात चक्क पेढे वाटले गेले. आबांचा हा आयुष्यातला पहिला वाढदिवस. इकडं नातवाला मात्र बजावून ठेवलंय की कुणी विचारलं तर अकरा सांगायचं. मिशी फुटली तरी अकराच.

आता तिकीट. फुकट म्हणजे नुसतं चढून बसायचं असं कुणी समजू नये. फुकटालाही तिकीट असतं, ते शून्य रुपयांचं. मशीन टर्रर्र करतं, चिटोरं बाहेर येतं, त्यावर गाव असतं, वेळ असते आणि भाड्याच्या जागी शून्य. कर्त्यानं शेकड्यांत पैसे मोजून घेतलेलं फुल तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेलं असतं, त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. सगळ्या घरादाराचा जीव त्या शून्यात. "आबा, तिकीट टाकू नका." "आबा, चंचीत नका ठिवू, चुना लागंल." "आबा, वरच्या खिशात नको, घामानं अक्षरं उडत्यात." कळंबहून गाडी सुटल्यापासून येरमाळ्यापर्यंत आबांनी ते बंडीच्या खिशातून टोपीत, टोपीतून मुठीत आणि मुठीतून धोतराच्या सोग्यात नेलं. आयुष्यभर ज्या माणसानं जमिनीचे सातबारे गोधडीखाली ठेवले, तो माणूस एका शून्यासाठी दर पाच मिनिटांनी स्वतःची झडती घेत होता.

आणि टेंभुर्णीला चेकिंगवाले चढले. आबांनी सोगा सोडला, तिकीट नाही. टोपी झटकली, नाही. सून सीटखाली वाकली, तिच्या धक्क्यानं भूमचा खव्याचा डबा कलंडला, तो धरायला कर्ता उठला तर नातवानं त्याच्या जागेवर पाय पसरले. पुढच्या बाईनं स्वतःची पिशवी उपसून दाखवली, कुणी मागितली नसताना. ड्रायव्हरनं आरशातून बघत गाडी बाजूला घेतली. चेकिंगवाला वहीत बोट घालून शांत उभा. त्याचं म्हणणं एवढंच, सवलत असली तरी तिकीट पाहिजे, तिकीट नसेल तर विनातिकीट, विनातिकीट असेल तर दंड. आता दंड चुकवलेल्या भाड्याच्या पटीत असतो म्हणतात. मग शून्याची दुप्पट किती? मागच्या सीटवर एक एमपीएससीवाला होता, पुण्यात सहा वर्षं अभ्यास केलेला. तो म्हणाला, शून्य. कंडक्टर म्हणाला, नियम तसा नसतो. एमपीएससीवाला म्हणाला, गणित तसं असतं. अर्धी गाडी गणिताच्या बाजूनं, अर्धी नियमाच्या, आणि मधे आबा हात जोडून, "साहेब, माझं वय बघा की." वय तर त्यांनी खरोखरीच प्रामाणिकपणे कमावलेलं होतं, कार्डावरच्यापेक्षा जास्तच. शेवटी खिडकीशी बसलेल्या आजीनं पदराची गाठ सोडली. आत तिचं अर्धं तिकीट, एक सुपारी आणि आबांचं शून्य. येरमाळ्यालाच तिनं ते काढून घेतलं होतं, कारण या माणसावर तिचा पन्नास वर्षं विश्वास नाही. मग एवढा वेळ बोलली का नाही? तर कुणी विचारलंच नाही.

ती तशीही गप्पच होती. कळंबहून निघाल्यापासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. सुनेनंही नाही. आमच्याकडच्या बायका प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात, आणि याची कुठल्याच योजनेत नोंद नाही. स्टँडवर भिंतीवर हातभर अक्षरांत 'महिलांसाठी मोफत' रंगवलेलं असतं, आणि बरोबर त्या अक्षरांखाली खुर्ची टाकून बसलेला माणूस दहाची नोट घेतल्याशिवाय आत सोडत नाही. मोफत लिहिलंय की, म्हटलं तर तो मान वर करून वाचतो आणि म्हणतो, ते जुनं आहे. आत कडी नाही, पाणी नाही, दिवा नाही, आहे ती नुसती दहाची नोट. पुरुषांचं बरं आहे, त्यांना अख्खा महाराष्ट्र ही एक लांबलचक भिंत आहे. बाईनं मात्र अर्ध्या तिकिटाचं कौतुक ऐकत सहा तास दाबून बसायचं, उतरल्यावर जळजळ अंगावर काढायची, आणि नाहीच सोसलं तर डॉक्टरकडं जायचं, तिथं फी फुल. अहो, सवलतींचे एवढे कागद काढता, तेवढ्यात एका दाराला कडी बसली असती! फलकांवर हसऱ्या बाईचा फोटो लावायला जागा मिळते, खऱ्या बाईला बसायला मिळत नाही. सगळ्यात आधी झिरोचं तिकीट काढायला पाहिजे होतं ते इथलं.

असो. हडपसरच्या गाडीतळावर उतरलं की आबा एकदम तरणे होतात. शहरातल्या बसमध्ये त्यांनी मोठ्या ऐटीत ते शून्य पुढं केलं. कंडक्टरनं उलटसुलट बघून परत दिलं, "काका, हे गावाकडचं." आबा म्हणाले, "सरकार एकच हाय न्हवं?" त्यावर पुण्यात उत्तर देत नाहीत, बेल मारतात. कर्त्यानं मग मोठेपणानं माणशी ७० रुपयांचा दिवसाचा पास काढला, आणि तिथंच सहलीचा निकाल लागला. कारण पास काढला की तो वसूल करावा लागतो. पहिल्या टप्प्याला दहा रुपये, म्हणजे किमान सात वेळा चढलं तर पैसे फिटले, आठव्यांदा चढलं तर नफा. शनिवारवाडा खिडकीतून झाला. दगडूशेठला आजीनं धावत्या गाडीतून हात जोडले. सारसबागेला उतरायचं ठरलं होतं, पण समोर रिकामी बस आली आणि नातू ओरडला, "पप्पा, सहावी!" संध्याकाळी लेकीच्या दारात पोचले तेव्हा तिनं विचारलं, काय काय बघितलं? आबा म्हणाले, डेपो. बाळाला मांडीवर घ्यायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं, पण पास नफ्यात होता. जावई म्हणाला, अहो रिक्षा करायची ना. जावयांना असलं सुचतं.

परतीच्या वाटेवर कर्त्याला कुणीतरी मोबाइलमध्ये दाखवलं की फुल तिकीटवाल्याचंही नशीब उघडलंय. जुलै २०२५ पासून दीडशे किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला आगाऊ आरक्षण केलं तर पूर्ण तिकिटात पंधरा टक्के सूट. त्यानं ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून खालची ओळ वाचली: दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी सोडून. त्याला पोरं घेऊन जायला फुरसत मिळते ती याच दोन सुट्ट्यांत. बायको म्हणाली, मग पावसाळ्यात जाऊ. पावसाळ्यात सोयाबीनवर फवारणी असते, पोरांची शाळा असते, आणि तोवर नातवाला तेरावं लागलेलं असणार. म्हणजे घरात फुल तिकिटं दोन.