शेडकार्ड बाजूला ठेवा

गणपती गेले की घराघरांत शेडकार्ड उघडतं. हॉलला कोणता, बेडरूमला कोणता, टीव्हीमागची भिंत गडद करायची का, यावर आठवडे जातात. रंगारी मात्र पाच मिनिटांत ठरतो. वॉचमनने दिलेला नंबर, शेजाऱ्यांपेक्षा दोन रुपये कमी दर आणि 'दिवाळीच्या आत हातात देतो' हा शब्द एवढ्यावर घर त्याच्या हवाली होतं. पुढच्या पावसात खिडकीखाली पोपडे सुटतात आणि शिव्या बसतात रंगाच्या कंपनीला.

रंग टिकतो तो त्याच्या खाली झालेल्या कामामुळे. खरवडणं, भेगा भरणं, पुट्टी, पॉलिश पेपरने घासणं, प्रायमर. रंगारी निवडायचा तो इथे. घर बघायला आलेला माणूस आधी काय करतो ते पाहा. जाणता रंगारी शेडचं नावही काढत नाही. तो भिंतीवरून तळवा फिरवतो. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटतोय. तो खरवडल्याशिवाय वर इमल्शन धरणार नाही, हे त्याला कळतं. बोटाने टकटक करून प्लास्टर कुठे पोकळ वाजतंय ते ऐकतो. बाथरूमच्या मागची भिंत बघतो, वरच्या मजल्याच्या मोरीखालचं छत बघतो, आणि विचारतो, "पावसाळ्यात इथे ओल येते का?" हा प्रश्न न विचारता जो फुटाचा दर सांगतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

कारण सगळं दुखणं ओलीचं आहे. मुंबईत, ठाण्यात, कोकणात चार महिने पाऊस प्यायलेली बाहेरची भिंत दसऱ्यापर्यंत आतून वाळलेली असेलच असं नाही. नेमका तेव्हाच आपल्याला रंग काढायचा असतो. ओलसर भिंतीवर पुट्टी चढवली तरी आतलं पाणी बाहेर यायला बघतंच. येताना ते विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन येतं, ते पांढरे फुलतात आणि रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो. तपासायला यंत्र लागत नाही. हातभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. आतल्या बाजूला थेंब जमले, तर त्या भिंतीला अजून हात लावायचा नाही. गळती पाइपातून असेल, बाहेरच्या भेगेतून असेल किंवा वरच्यांच्या मोरीतून असेल. ती तिथेच बंद करावी लागते. "साहेब, वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, काही दिसणार नाही," असं म्हणणारा माणूस गळती बंद करत नसतो, येत्या जूनपर्यंत झाकत असतो. आणि दिवाळीचा हट्ट आपणच सोडायला हवा. त्या गर्दीत एकेक ठेकेदार चार-चार घरं धरतो, तीच माणसं चारही ठिकाणी पळवतो आणि पुट्टी वाळायच्या आत प्रायमर मारून मोकळा होतो. जानेवारी-फेब्रुवारीत भिंती कोरड्या असतात आणि रंगाऱ्यालाही उसंत असते.

आता दर. 'फुटाला इतके' म्हणजे कोणता फूट, हे आधी स्पष्ट करून घ्या. दहा बाय बाराच्या खोलीची जमीन १२० चौरस फूट. पण उंची दहा फूट धरली तर चार भिंतींचे ४४० आणि छताचे १२० मिळून रंगवायचे भरतात ५६०. सात बाय तीनचं एक दार आणि चार बाय चारची एक खिडकी वजा केली की ५२३. टेप तुमच्यासमोर लागली पाहिजे आणि वजावट कागदावर आली पाहिजे. त्याच कागदावर पुट्टीचे किती हात, प्रायमर कोणता, रंगाचे किती हात, हेही यायला हवं. चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण १२० ते १५० चौरस फूट जातं. म्हणजे त्या खोलीला चार लिटरच्या आसपास रंग लागणार. दोन लिटरांत काम उरकलं असेल, तर एक हात कमी पडला किंवा पाणी जास्त पडलं. पाण्याचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. डबा तुमच्यासमोर फुटू द्या.

रंगारी एकाच कंपनीचा आग्रह धरत असेल तर कारण विचारा. डब्यामागे रंगाऱ्यांना टोकन किंवा पॉइंट देण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे. त्यात त्याने चार पैसे कमावले तर बिघडत नाही, पण त्यापायी गरज नसलेला महाग रंग तुमच्या गळ्यात पडायला नको.

घर जुनं असेल आणि लहान मूल असेल, तर दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटबद्दल फार जपा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसं कितीतरी जास्त असू शकतं. ते कोरडं घासलं की धूळ घरभर बसते, आणि शिसं मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. पाणी मारून ओलं घासायला सांगा, घासणाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क हवा, मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा. "इतकी वर्षं असंच घासतोय," म्हणणाऱ्याला काम देऊ नका. त्याच्या फुफ्फुसांत काय साठलंय याची काळजीही आजवर कोणी केलेली नाही.

ही बेफिकिरी सगळ्यांत जास्त दिसते ती इमारतीला बाहेरून रंग काढताना. सोसायटी तीन कोटेशनं मागवते आणि सर्वांत खालच्या आकड्यावर सही करते. तो आकडा खाली कशामुळे आला, हे सभेत कोणी विचारत नाही. मग सातव्या मजल्याच्या उंचीवर एक पोरगा लाकडी फळीवर बसून लोंबकळत रोलर फिरवतो, कमरेला काहीही नसतं, आणि आपण त्याच्याकडे बघत खिडकी लावून घेतो. सही करण्याआधी ठेकेदाराला गच्चीवर न्या. दोर कशाला बांधणार ते त्याने दाखवावं. प्रत्येक माणसाला पट्टा आहे का, तो पट्टा फळीच्या दोरापेक्षा वेगळ्या दोराला अडकणार का, कामगारांचा विमा उतरवलाय का, हे विचारा आणि कागद मागा. उत्तर देताना तो चाचरला तर त्याचं कोटेशन तिथेच फाडा, मग ते कितीही लाखांनी स्वस्त असो.