फ(क्ष) ची किंमत काढा: नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

साहित्य: पेन्सिल, मोठा खोडरबर आणि कंसांचा भरपूर साठा. कंसांत काटकसर करू नये. पुढचे बहुतेक अपघात तिथेच होतात.

प्रथम वहीत सुवाच्य अक्षरात लिहा: फ(क्ष) = क्ष² − ३क्ष + २. लगेच 'फ गुणिले क्ष' समजून दोन्ही बाजूंना क्षने भागायला धावू नका. हा कंस गुणाकाराचा नाही. खालच्याच ओळीत ३(क्ष + १) मध्ये तो गुणाकाराचा असतो, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. पण फंक्शनसाठी हे चिन्ह ऑयलरने १७३४ मध्ये वापरले, आणि तो आता दाद देणार नाही.

क्ष म्हणजे सरकारी अर्जातली टिंबटिंबांची जागा. एकदा जे नाव भराल तेच शेवटपर्यंत. पहिल्या जागी ५ भरून दुसरी तशीच सोडली, तर अर्ज परत येतो.

आता फ(−२). उणे दोनला कंसासकट उचला, कंसासकट ठेवा: (−२)² − ३(−२) + २, म्हणजे ४ + ६ + २ = १२. ज्यांनी कंस वाचवले त्यांच्या वहीत −२² − ३ − २ + २ असा ऐवज दिसेल आणि उत्तर −७ येईल. पेपर तपासणाऱ्या बाईंना हे −७ लांबूनच ओळखू येते.

फ(क्ष + १) पाहून घाम फुटतो खरा, पण कृती तीच: (क्ष + १)² − ३(क्ष + १) + २. सोडवले की क्ष² − क्ष एवढेच उरते. घाईतली मंडळी मूळ फ(क्ष) उतरवून शेवटी १ मिळवतात. ते फ(क्ष) + १ झाले, आणि ते कोणी विचारले नव्हते.

फ(३) साठी फ(१) आणि फ(२) यांची बेरीज करण्याची युक्तीही लोकप्रिय आहे. दोन्ही ० येतात, बेरीज ०, मन प्रसन्न. फ(३) मात्र २ आहे.

शेवटी, 'फ(२) काढा' आणि 'फ(क्ष) = २ सोडवा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ०. दुसऱ्यात क्ष² − ३क्ष = ०, म्हणून क्ष ० किंवा ३. दुसऱ्या प्रश्नातही बिनदिक्कत २ घालून ० लिहिणाऱ्याचे निम्मे उत्तर बरोबर निघते, आणि त्याला गुण द्यावेत की नाही यावरून स्टाफरूममध्ये चहा गार होतो.