शेंड्याला वर्ष लागतं

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोटो आला. खाली एकच ओळ: "मावशे, नाक लई फेंदारलेलं दिसायलंय. ऑपरेशन करून घेऊ का?"

पोरगी अंबाजोगाईला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात बायोडेटा छापून तयार. एक स्थळ येऊन बघून गेलं आणि मागून निरोप आला, की मुलगी पसंत आहे, नाकाचं तेवढं काही होत असेल तर दिवाळीपर्यंत करून घ्या. तो निरोप मी तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा संतापले. दिवाळीपर्यंत म्हणे!

भाचीला मी आधी विचारलं, फोन किती लांब धरला होतास? म्हणाली, फूटभर. इथंच अर्धं उत्तर आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बोरिस पास्खोव्हर या सर्जननं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी जवळजवळ तीस टक्क्यांनी फुगलेली दिसते. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोत हा फरक उरत नाही. नाक चेहऱ्यावर सगळ्यात पुढं, म्हणून जवळच्या कॅमेऱ्यात तेच सगळ्यात मोठं. ज्या फोटोवर पोरी रात्र रात्र रडतात, तो फोटो मुळात खोटं बोलतो. अंगणात उभं राहा, दुसऱ्या कुणाला तरी पाच फुटांवरून फोटो काढायला सांगा, मग बोलू.

तिनं काढला. नाकाचा शेंडा रुंद आहे, हे त्यातही दिसलं. मी खोटं बोलणार नाही. आमच्या घराण्याचंच नाक ते. माझं तेच, माझ्या आईचं तेच.

आता ऑपरेशनचं. शेंड्यात हाड नसतं. दोन्ही बाजूंना कमानीसारखी वाकलेली एकेक कूर्चा असते. शेंडा चिमटीत धरून दाबला की लवचीक लागते, तीच. या दोन कमानींची टोकं एकमेकींपासून लांब असली, किंवा कमानी फार पसरट असल्या, की शेंडा गोल आणि रुंद दिसतो. जुने सर्जन कूर्चेचा वरचा काठ भरपूर कापून टाकत. दहा-वीस वर्षांनी त्या नाकांची दशा व्हायची: शेंडा चिमटल्यासारखा, श्वास ओढला की नाकपुडी आत बसायची. आता जाणता सर्जन कापतो कमी आणि शिवतो जास्त. काठाची बारीक पट्टी काढली, तरी खाली निदान सहा-सात मिलिमीटर कूर्चा शाबूत ठेवतो. प्रत्येक कमान बारीक टाक्यानं आवळतो, मग दोन्ही कमानी टाक्यानं जवळ आणतो. आधार कमी पडत असेल तर नाकाच्या पडद्यातली किंवा कानातली कूर्चा घेऊन दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबात टेकू देतो. काम नाकपुडीच्या आतून होतं, किंवा त्या खांबावर एक छोटा छेद देऊन, कातडी वर उचलून. दुसऱ्या पद्धतीत सर्जनला सगळं समोर दिसतं. मागं राहणारा व्रण बहुतेकदा शोधावा लागतो.

सगळा खेळ दोन-तीन मिलिमीटरचा. ज्याला दोन मिलिमीटरवर समाधान नाही, त्यानं टेबलावर झोपूच नये.

आणि कातडी. हे जाहिरातीत कुणी सांगत नाही, म्हणून मी मोठ्यानं सांगते. आपल्याकडं पुष्कळ जणांच्या शेंड्याची कातडी जाड, तेलकट, आणि आतली कूर्चा नाजूक असते. जाड गोधडीखाली चमचा ठेवला काय आणि पेन ठेवलं काय, वरून सारखंच दिसतं. म्हणून अशा नाकात आतलं काढून टाकलं की शेंडा बारीक होण्याऐवजी खाली बसतो. त्याला आधार देऊन जरा उचलावं लागतं, तेव्हा तो निमुळता दिसतो. सिनेमातल्या कुणाचं तरी नाक दाखवून "असं करा" म्हणणाऱ्याला "होईल की" म्हणणारा सर्जन भेटला, तर चपला घालाव्यात आणि निघावं.

आणखी एक घोळ. पुष्कळदा रुंद असतो तो शेंडा नसतोच, नाकपुड्यांचा तळ पसरट असतो. त्याचं ऑपरेशन वेगळं: नाकपुडी गालाला मिळते तिथल्या घडीत पाचरीएवढा तुकडा काढतात. रॉबर्ट वेअर या न्यूयॉर्कच्या सर्जननं १८९२ मध्ये ते मांडलं, आजही त्याच्याच नावानं ओळखलं जातं. शेंडा कुठला, तळ कुठला, हे बोटानं दाखवून न सांगणारा डॉक्टर मला नको.

सुईनं पंधरा मिनिटांत नाक सुधारून देऊ, अशाही पाट्या आता लागल्यात. भरीचं इंजेक्शन भर घालतं. रुंद शेंड्यात आणखी भर घालून तो बारीक कसा होणार? शिवाय नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या. भर चुकून त्यात शिरली तर कातडी काळी पडून मरते, क्वचित डोळा कायमचा जातो.

आता त्या दिवाळीकडं येते. नाकावरची पट्टी साधारण आठवड्यानं निघते. डोळ्यांखालचं काळंनिळं दोन आठवड्यांत ओसरतं. पण शेंड्याची सूज सगळ्यात हट्टी. ती उतरायला वर्ष लागतं, जाड कातडीला त्याहून जास्त. काही बिनसलं आणि दुरुस्ती करायची झाली, तरी चांगला सर्जन वर्षभर हात लावत नाही. म्हणजे भाद्रपदात ऑपरेशन करून तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त धरला, तर मांडवात बसेल ते सुजलेलं नाक. नाकाचं पंचांग वेगळं आहे आणि ते गुरुजींच्या पंचांगाला जुमानत नाही. म्हणूनच सर्जनकडं त्याच्या जुन्या रुग्णांचे फोटो मागायचे ते वर्षानंतरचे. महिन्याचा फोटो कुणीही दाखवतो.

वयाचंही असंच. मुलीचं नाक पंधरा-सोळापर्यंत वाढतं, मुलाचं सतरा-अठरापर्यंत. त्याआधी दिसण्यासाठी चाकू लावत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. ऊसतोडीत कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते, जोडीवर आगाऊ उचल मिळते, म्हणून साखर कारखान्याला जायच्या आधी पोरगी उजवून टाकतात. त्यातल्या जिचं नाक अजून धड वाढूनही झालेलं नसतं, तिच्याही नाकावरून तिची पसंती-नापसंती चालते. हे लिहिताना माझा हात थरथरतो.

नाकाला त्याचा वेळ द्यावा लागतो, हे आपल्याच मुलखातल्या माणसाला सव्वादोनशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडलं, नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच हिंडला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नाक बसवून दिलं. हा माणूस विटा भाजणाऱ्यांच्या जातीतला होता. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नं ऑक्टोबर १७९४ मध्ये सगळी रीत छापली. मेणाचं पातळ नाक करून ते कपाळावर चपटं ठेवायचं, त्याभोवती रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवून दोन भुवयांच्या मधला दुवा तसाच राखून ती खाली वळवायची. वर काथाच्या पट्ट्या, आपला पानातला काथ. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेलं फडकं. पाच-सहा दिवस रोग्यानं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. आणि दुवा कापायचा तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, त्याआधी नाही. क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. तो लेख वाचून जोसेफ कार्प्यूनं आधी प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ ला लंडनमध्ये हेच ऑपरेशन केलं. युरोपातलं नाकाचं शास्त्र तिथून नव्यानं चालू लागलं. त्या वीटवाल्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

भाचीनं हे सगळं ऐकलं आणि तिनंच मला एक गोष्ट सांगितली. प्रॅक्टिकलला तिनं फाटलेल्या ओठाचं एक बाळ पाहिलं होतं. सासू आईला ऐकवत होती, ग्रहणात विळी हातात धरलीस म्हणून असं झालं. ग्रहणाचा काडीचा संबंध नाही. साधारण हजारातल्या एखाद्या बाळाला हे होतं. ओठ फाटला की त्या बाजूची नाकाची कमानही पसरते, शेंडा एकीकडं ओढला जातो, नाकपुडी चपटी पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात याचं ऑपरेशन फुकट होतं. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ओठ शिवताना पुष्कळ सर्जन नाकही थोडं जुळवून घेतात आणि शेवटचं काम नाक वाढून झाल्यावर करतात. पण ओठ शिवला की घरचे परत फिरकत नाहीत. पोरगं तसंच शाळेत जातं, पोरं नावं ठेवतात. शेंड्याचं ऑपरेशन म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं म्हणणाऱ्यानं त्या पोराच्या शेजारी बाकावर एक दिवस बसून बघावं.

मग मी भाचीला सरळ विचारलं, हे त्या स्थळासाठी करतीयेस का?

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "स्थळाला मरू दे, मावशे. मला सातवीपासून खुपतंय."

तिला खुपतंय, तर तिनं करावं. तिचं नाक आहे. मी एवढंच सांगितलं, की श्वासाला अडचण असेल तर आधी सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभागात पडदा दाखवून घे. तो वाकडा असेल तर ती वेगळी गोष्ट, तो उपचार आहे. नुसत्या दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला विमा पैसे देत नाही, म्हणून नोकरी लागली की पैसे तुझ्या पगारातून जमव, वडिलांना कर्ज काढायला लावू नकोस. प्लास्टिक सर्जरीची पदवी किंवा नाकाच्या कामाचा पक्का अनुभव असलेल्या दोन डॉक्टरांना भेट, आणि दोघांना एकच प्रश्न विचार: माझ्या कातडीत काय होणार नाही?

तिचं ठरलंय. आधी परीक्षा, मग नोकरी, मग वर्षभरानं संभाजीनगरला जाऊन दाखवायचं. स्थळाला घरून नकार कळवून झाला. काल फोनवर तिनं शेवटचं विचारलं, पट्टी असेल त्या आठ दिवसांत डबा कोण आणणार?

मी. एसटीनं, रोज.