दोनच मिनिटं

संध्याकाळी सातला हडपसरच्या मंडईपाशी उभे राहा, भाऊ दिसतीलच. पांढरी गाडी तोंडाशीच तिरकी लागलेली, चारही इंडिकेटर लुकलुकतायत आणि भाऊ पलीकडे मेथीच्या गड्डीवरून घासाघीस करतायत. मागे पीएमपी अडकते, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही. भाऊ गड्डी उंचावून ओरडतात, "अहो, दोनच मिनिटं!" इंडिकेटर लावले की तेवढा रस्ता आपल्या नावावर होतो, अशी त्यांची श्रद्धा आहे.

भाऊंना कायदा ठाऊक नाही, असं मात्र समजू नका. चौकापासून ५० मीटरच्या आत गाडी लावायची नाही. फुटपाथ, झेब्रा पट्टे, बसथांबा, दवाखान्याचं फाटक, दुसऱ्याचं गेट अडवायचं नाही, सगळं तोंडपाठ. पाठांतर ऐकवतात ते दुसऱ्याच्या गाडीपाशी उभे राहून. स्वतःवर वेळ आली की, "चौक नेमका कुठून धरायचा, ते आधी सांगा!"

सम-विषम पार्किंगमध्ये तर त्यांचा हातखंडा. घरातली चतुर्थी-एकादशी वहिनी सांभाळतात, तारीख भाऊ. विषम तारखेला पी-१ची बाजू, समला पी-२ची. रोज जेवण झालं की लुंगीवर खाली उतरून गाडी समोर नेतात. मात्र ३१ आणि १ दोन्ही विषम! वर्षातून सात वेळा भाऊ गाडीला हात न लावता ढाराढूर झोपतात. "कॅलेंडर करणारा माणूस गाडीवालाच असणार," ते म्हणतात.

आषाढी वारीत हडपसरवरून पालख्या जातात, माउलींची दिवेघाटाकडे, तुकोबांची लोणी काळभोरकडे. त्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून भाऊ अख्खा रस्ता मोकळा करतात. "वारकऱ्यांना वाट द्या!" त्यांची स्वतःची गाडी तेव्हा शेजारच्या सोसायटीत, पाहुण्यांच्या जागेत असते.

मध्यंतरी मोबाइलवर चलन आलं, फोटोसकट. डिसेंबर २०२१ पासून दंड पहिल्या वेळी ५००, पुढच्या वेळी १५००. भाऊंनी मुकाट्याने पैसे भरले. वहिनींना वाटलं, सुधारले. रविवारी लेक-जावई जेवायला आले. बासुंदी वाढून झाल्यावर भाऊ जावयांना म्हणाले, "किल्ली द्या हो जरा, मंडईत जाऊन येतो. तुमच्या गाडीवर अजून एकही चलन नाही ना?"