गळालेले प्रश्नचिन्ह

पाश्चात्त्य विचारवंताला क्रांती फार आवडते. अट एकच, ती आपल्या गल्लीत होऊ नये. गल्लीत झाली की सकाळचे दूध येत नाही आणि प्रकाशकही पळून जातो.

जुलै १९३१ मध्ये बर्नार्ड शॉ मॉस्कोला गेले. पंचाहत्तरावा वाढदिवस तिथेच थाटात झाला, खुद्द स्टालिनची भेट मिळाली. अधिक महिन्यातल्या जावयाने हेवा करावा असा पाहुणचार! रशियात अन्नाला तोटा नाही, म्हणून बरोबरचे खाणे सरहद्दीआधीच गाडीच्या खिडकीतून फेकून दिले, असे त्यांनी ऐटीत सांगितले. पुढच्या दोन वर्षांत युक्रेनमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. शॉ डगमगले नाहीत. मार्च १९३३ मध्ये त्यांनी इतरांसह ‘मँचेस्टर गार्डियन’ला पत्र धाडले: असले हाल आम्हाला कुठेच दिसले नाहीत. भरल्या पोटी दिलेली साक्ष. ती खोटी कशी असेल?

सिडनी आणि बीट्रिस वेब हे तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी, अहवाल आणि कोष्टकांत रमणारे दांपत्य. १९३५ साली त्यांनी सोव्हिएत साम्यवादावर जाडजूड ग्रंथ काढला आणि ही नवी संस्कृती आहे काय, असे शीर्षकातच विचारले. १९३७ च्या आवृत्तीत शीर्षकातले प्रश्नचिन्ह नाहीसे झाले. त्या साली रशियात माणसेच इतकी नाहीशी होत होती की एका प्रश्नचिन्हाची चौकशी कोण करणार?

फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुको १९७८ साली एका इटालियन दैनिकासाठी इराणमधली क्रांती पाहायला गेले. युरोप विसरून बसलेले राजकारणातले अध्यात्म त्यांना तिथे सापडले. पॅरिसमधल्या एका इराणी बाईने वेळीच सावध केले, तर तिने आपला लेख वाचलेलाच नाही, असे तिलाच सुनावले. इराणचे तिला काय कळणार, ती पडली इराणी! क्रांती जिंकली आणि पुढच्या मार्चमध्ये डोकी झाकण्याच्या फर्मानाविरुद्ध तेहरानच्या बायका रस्त्यावर उतरल्या. एप्रिलमध्ये फुकोंनी पंतप्रधान बाझरगान यांना खडसावणारे खुले पत्र लिहिले. पॅरिसच्या साप्ताहिकात, फ्रेंचमध्ये.

खरे भांडण प्रत्येकाचे घरच्यांशीच होते. लंडनच्या पार्लमेंटला कंटाळलेल्या शॉना मॉस्कोत कणखर पुढारी दिसला, वेबना नियोजन दिसले, फुकोंना अध्यात्म. तिथल्या माणसांनी फक्त मागे उभे राहायचे, फोटो नीट येण्यापुरते.

फ्रेंच लेखक आंद्रे जीदने मात्र सगळा विचका केला. १९३६ साली तेही रशियाला गेले, लाल चौकात गॉर्कीच्या अंत्ययात्रेत भाषणही केले. इथपर्यंत ठीक होते. पण परत येऊन या गृहस्थाने जे पाहिले ते छापले. स्पेनमध्ये यादवी पेटलेली असताना शत्रूच्या हाती कोलीत दिले, म्हणून कालचे मित्र तुटून पडले. पुस्तक मात्र धडाक्यात खपले. हाही एक गुन्हाच.