मेन्यूकार्ड नसलेलं हॉटेल

परदेशात शाकाहारी माणूस जेवायला बसत नाही, चौकशीला बसतो. सूप कशाचं आहे? भाज्यांचं. हो, पण भाज्या कशात शिजवल्या? चिकनच्या पाण्यात. भातात काय आहे? काही नाही. मग हे तुकडे कसले? ते चवीपुरते. वेटर सज्जन असतो, आपणही सज्जन असतो, तरी पाच मिनिटांत दोघांनाही एकमेकांचा कंटाळा येतो. शेवटी आपल्यापुढे काकडी-टोमॅटोचा वाडगा येतो आणि टेबलावरची बाकीची मंडळी हळहळतात, "अहो, तुम्ही काहीच खात नाही!"

या चौकशीवर मराठी टूर कंपन्यांनी नामी उपाय शोधून काढला आहे. भूगोलच रद्द करायचा. दिवसभर पिरॅमिड बघा, मृत समुद्रात तरंगा, रात्री बस वळणार ती इंडियन रेस्टॉरंटकडेच. दाल तडका, जिरा राइस, पनीरची लाल भाजी आणि पापड. आमच्या जॉर्डन-इजिप्तच्या सहलीत पेट्रा पाहून परतताना बसमध्ये टूर मॅनेजरने माइकवर जाहीर केलं, "आज गोडात गुलाबजाम आहे!" त्याला ज्या टाळ्या पडल्या, त्या नबातियन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून काढलेल्या, 'खजिना' म्हणवणाऱ्या त्या अवाढव्य वास्तूच्या दर्शनी भिंतीला पडल्या नव्हत्या. पेट्राचं एका दिवसाचं तिकीट 50 दिनार असतं, म्हणजे साधारण सहा हजार रुपये. गुलाबजाम पॅकेजमध्येच होता.

मी या जेवणाची टिंगल करणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दिवसभर उन्हात दगड बघितल्यावर रात्री वरणभातासारखं काहीतरी लागतं, हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच, की ज्या गावात लोक सकाळ-संध्याकाळ कडधान्यं खातात, त्या गावात शाकाहारासाठी पनीर कशाला शोधायचं?

ते गाव म्हणजे जॉर्डनची राजधानी अम्मान. त्यातही अम्मानचं जुनं डाउनटाउन, ज्याला तिथले लोक नुसतं 'अल-बलद' म्हणतात. अम्मान टेकड्यांवर पसरलं आहे आणि टेकड्यांमधल्या खोलगट भागात हा बाजार आहे. एका बाजूला दुसऱ्या शतकातलं, सहा हजार माणसं बसतील एवढं रोमन थिएटर, जवळच 1924 मध्ये उभी राहिलेली अल-हुसैनी मशीद, आणि मध्ये सोनाराची, मसाल्याची, जुन्या कपड्यांची, मोबाइलच्या कव्हरांची दुकानं. 1921 मध्ये राजधानी झालं तेव्हा अम्मान लहानसंच होतं. नंतर 1948 आणि 1967 च्या युद्धांनी बेघर झालेले पॅलेस्टिनी इथे आले, त्यांच्यामागून इराकी आले, सीरियन आले. दर खेपेला शहर टेकड्यांवर आणखी वर चढलं. भूक लागली की मात्र सगळे खाली उतरतात.

उतरून जातात ते हाशेमकडे. हे हॉटेल 1952 पासून आहे. हॉटेल म्हणायचं ते सवयीने. खरं तर ती एक गल्ली आहे. गल्लीत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टेबलं मांडलेली, एका बाजूला स्वयंपाकघर, रस्त्याच्या तोंडाशी कढई. भिंतीवर राजघराण्यातली मंडळी इथे जेवून गेल्याचे फोटो. तिथल्या राजांनाही याच खुर्च्यांवर बसावं लागलं असणार, कारण दुसऱ्या खुर्च्या मला दिसल्या नाहीत.

इंडियन डिनरमधून एका संध्याकाळची रजा मागून आम्ही चार-पाच जण तिथे गेलो. टूर मॅनेजर आधी नाराज झाला, मग म्हणाला, "मॅडम, तिथलं पोटाला सोसलं नाही तर आमची जबाबदारी नाही." आमच्यात सोलापूरच्या एक काकू होत्या. त्या कांदा खातात, लसूण खातात, पण अंड्याचा वास आलेल्या चमच्यालासुद्धा शिवत नाहीत. टेबलाशी टेकल्याबरोबर त्यांनी मला कोपराने ढोसलं. "विचार गं त्याला, कशात काय आहे ते."

मी मेन्यूकार्ड मागितलं. वेटरने हात हलवून सांगितलं, नाही. नाही म्हणजे संपलं असं नव्हे, मुळातच नाही. लागतंय कशाला? हाशेममध्ये मांस नसतंच. हुमुस, फुल, फलाफल, बटाट्याच्या तळलेल्या फोडी, कांदा, टोमॅटो, पुदिना, चहा. जो येतो त्याला हेच मिळतं. त्यामुळे वेटर एकच गोष्ट विचारतो, ती म्हणजे किती माणसं. आयुष्यभर केलेली सगळी चौकशी माझ्या घशात तशीच राहिली. विचारायला काही उरलंच नाही, तेव्हा किती मोकळं वाटलं ते मांसाहारी वाचकांना कळणार नाही. हजार पदार्थांतला एक कोपरा आपल्यासाठी राखून ठेवणं निराळं आणि सगळा गाव जे खातो तेच नेमकं आपलं असणं निराळं. इथे मी कुणाची अडचण नव्हते. 'स्पेशल रिक्वेस्ट'ही नव्हते. मी गिऱ्हाईक होते.

मग टेबलावर एक कागद अंथरला गेला, त्यावर गरम पोळ्यांसारख्या रोट्या थेट येऊन पडल्या. ताट नाही, काटा-चमचा नाही. हुमुसच्या, म्हणजे वाटलेल्या चण्यांच्या, बशीत मधोमध ऑलिव्ह तेलाचं तळं. फुल म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची मऊ उसळ, अरुंद तोंडाच्या मडक्यासारख्या भांड्यात मंद आचेवर तासन् तास शिजवलेली, वर लिंबू, लसूण आणि हिरवी मिरची. कांद्याच्या फोडी अशा मोठ्या, की बुक्की मारून फोडल्या असाव्यात. आणि फलाफल. कढईतून काढून इतक्या लगेच आणलेलं, की पहिला घास तोंडात गेल्यावर बराच वेळ आम्ही सगळे तोंड उघडं ठेवून, हाताने वारा घालत, एकमेकांकडे पाहत बसलो.

काकूंनी फलाफल मोडून आत पाहिलं. बाहेरून खरपूस तपकिरी आणि आतून हिरवंगार. मग वास घेतला. धणे, जिरे, लसूण, कोथिंबीर.

"अगं, हे तर वडे आहेत."

"हो काकू."

"मग आठ दिवस आपण पनीर का खातोय?"

याचं उत्तर टूर मॅनेजरकडेही नव्हतं.

फलाफलची खुबी मला कढईपाशी उभं राहिल्यावर कळली. काबुली चणे रात्रभर भिजवायचे, पण शिजवायचे नाहीत. भिजलेले कच्चे चणे कांदा, लसूण, कोथिंबीर आणि पार्सलेबरोबर भरड वाटायचे. कच्च्या चण्यातलं स्टार्च तळतानाच फुगतं आणि गोळा धरून ठेवतं. चणे आधीच शिजवले की ते स्टार्च पाणी पिऊन बसलेलं असतं, मग कढईत फलाफल नाही, पिठलं होतं. आपल्याकडे घरोघरी जे फलाफल फुटतं आणि मग ज्यात बेसन आणि ब्रेडचा चुरा कोंबला जातो, त्याचं कारण बहुतेक वेळा कुकरची ती एक शिट्टी असते. कढईवरचा माणूस हाताने गोळे करत नाही. त्याच्याकडे पितळेची एक छोटी वाटी असते, तिला दांडा आणि दांड्याला खटका. वाटीत पीठ दाबायचं, पात्याने सपाट करायचं, खटका दाबला की चकती तेलात. हा माणूस शेजाऱ्याशी गप्पा मारत होता, फोनवर बोलत होता, आमच्याकडे पाहून "वेलकम टू जॉर्डन" म्हणत होता, आणि खटका चालूच होता. इथे काही फलाफल जरा मोठी असतात, पोटात कांद्याचं आंबट सारण आणि अंगावर तीळ. ती मिळाली तर आधी तीच घ्या.

कैरोत हाच पदार्थ पुन्हा भेटला, पण चण्याचा नाही. इजिप्तमध्ये तो सोललेल्या बाकल्याचा करतात आणि त्याला तामिया म्हणतात. चपटा, आतून आणखी हिरवा. कैरोचं डाउनटाउन एकोणिसाव्या शतकात खेदिव इस्माईलने पॅरिसवरून बांधून घेतलं. ते गोल चौक, त्या नक्षीच्या बाल्कन्या आणि त्यांच्याखाली उभ्याने तामियाचं सँडविच खाणारे कारकून बघितले, की पॅरिसचं काय झालं असं विचारावंसं वाटत नाही, बरंच झालं असं वाटतं. माझं मत विचाराल तर तामिया चवीला फलाफलपेक्षा हलकी आणि सरस आहे. हे मी अम्मानमध्ये बोलणार नाही.

कारण या प्रदेशात वड्यावरून बोलणं सोपं नाही. 2001 मध्ये मॅकडोनाल्ड्सने इजिप्तमध्ये 'मॅकफलाफल' आणलं आणि जाहिरातीचं गाणं शाबान अब्देल रहीम या लोकप्रिय गायकाकडून गाऊन घेतलं. शाबान प्रसिद्ध झाला होता तोच 'मी इस्रायलचा द्वेष करतो' अशा अर्थाच्या गाण्यामुळे. अमेरिकेतून निषेध आला, जाहिरात मागे घ्यावी लागली. पुढे 2008 मध्ये लेबनॉनच्या उद्योजकांच्या संघटनेने हुमुस आणि फलाफल आपले म्हणून विकल्याबद्दल इस्रायलवर दावा ठोकण्याची भाषा केली. 2010 मध्ये लेबनॉनच्या आचाऱ्यांनी विश्वविक्रमासाठी 10,452 किलो हुमुस केलं. आकडा असा तिरपागडा का, तर लेबनॉनचं क्षेत्रफळ 10,452 चौरस किलोमीटर आहे. दर चौरस किलोमीटरला एक किलो हुमुस, हा देशभक्तीचा हिशोब मला फार आवडला. बैरूतमध्ये तर 1933 पासून चालत आलेल्या सहयून या फलाफलच्या दुकानाची दोन भावांत वाटणी झाली. तेव्हा दोघांनी शेजारी शेजारी, एकाच नावाने, एकाच पदार्थाची दोन दुकानं मांडली. भाऊबंदकी ही आपलीच मिरासदारी आहे असा माझा समज होता.

आमच्या टेबलावरही मालकीहक्काचा प्रश्न निघालाच. ठाण्याचे एक गृहस्थ तिसरं फलाफल संपवून म्हणाले, "हे सगळं आपल्याकडूनच इकडे आलंय. आपला वडापाव बघा ना." त्यांना कुणी सांगितलं नाही, पण वनस्पतिशास्त्राची साक्ष उलटी आहे. हरभऱ्याचं रानटी वाण सापडतं ते आग्नेय तुर्कस्तानात, सीरियाच्या सीमेजवळ, आणि माणसाने तो पहिल्यांदा पेरला तोही त्याच भागात. म्हणजे बेसन मुळात त्यांच्याकडचं. बटाटा दक्षिण अमेरिकेचा, मिरचीही अमेरिका खंडातलीच, पाव पोर्तुगीजांचा. दादरच्या गाडीवरच्या वडापावात खास आपलं काय, तर तो खाताना आपण ज्या घाईत असतो ती घाई.

काकूंना या वादात रस नव्हता. त्यांनी पर्समधून शेंगाचटणीची पुडी काढली होती. सोलापूरचं माणूस ती पासपोर्टबरोबर बाळगतं. फलाफल चटणीत बुडवून त्यांनी खाल्लं आणि मान डोलावली. वेटर थबकून पाहू लागला. काकूंनी पुडी पुढे केली. त्याने चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मोठे केले, आत जाऊन आणखी दोघांना घेऊन आला. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. काकू मराठीत सांगत होत्या, "उखळात कुटलीय हो, मिक्सरमध्ये नाही," आणि ते तिघं गंभीरपणे मान हलवत होते. मी चौकशी करणाऱ्या वेटरांना पाहिलं नव्हतं, ते त्या रात्री पाहिलं.

नंतर पुदिन्याचा चहा आला, आपल्या अमृततुल्यालाही लाजवील इतका गोड. बिलाचा कागद नाही. वेटरने टेबलावर नजर फिरवली, मनात बेरीज केली आणि आकडा सांगितला. सगळ्यांचं मिळून झालं त्यात आमच्या मुक्कामाच्या हॉटेलात दोघांची कॉफीही धड झाली नसती. मग किंग फैसल स्ट्रीटवरच्या हबीबामध्ये कुनाफाची रांग लावली. गरम चीज, वर केशरी शेवया आणि पाक. त्या रात्री गुलाबजामाची आठवण कुणाला आली नाही, काकूंनाही नाही.

हल्ली पुण्या-मुंबईत मॉलच्या फूडकोर्टात फलाफल मिळतं. बहुधा सकाळी तळून ठेवलेलं असतं, मग मेयोनीजच्या थराखाली आणि चीजच्या चादरीखाली निजवलेलं. एके ठिकाणी तर 'फलाफल पनीर टिक्का रोल' होता. तो मी मागवला नाही, पण काउंटरवरच्या मुलाला विचारलं, यात काय आहे? पुन्हा चौकशी सुरू.

तेव्हा अम्मानला गेलात तर एका रात्रीचं इंडियन डिनर सोडा. टूर मॅनेजर रागावेल, रागावू द्या. अल-हुसैनी मशिदीपासून हाशेम पायी काही मिनिटांवर आहे, रस्त्यात कुणालाही नाव सांगितलं तरी बोट दाखवतील. सुटे दिनार जवळ ठेवा, चमचा मागू नका आणि वेटरला काही विचारू नका. फक्त किती माणसं आहात तेवढं बोटांनी दाखवा.