बाकाची दोन टोकं

परराष्ट्र धोरण समजून घ्यायला दिल्लीला जायची गरज नाही, नवापूर स्टेशनात जाऊन बसावं. तिथलं एक बाक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट आमच्या नंदुरबार जिल्ह्यात काढायचं आणि तक्रार असली तर स्टेशनमास्तरला गाठायला तापी जिल्ह्यात जायचं.

२०२४च्या एप्रिलात या बाकाचा भाव वधारला. डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद होती. २५ एप्रिलला दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परदेशवारीची परवानगी मिळाली. अट अशी, गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा दाखला हवा. आमच्याकडे माणसाला रहिवासी दाखला लागतो, इथे कांद्याला लागला. बाकाच्या त्या टोकाचा कांदा बोटीत बसणार आणि या टोकाचा भाकरीशेजारी बुक्कीनं फोडायचा! गुजरातचं लोकसभेचं मतदान ७ मेला होतं, हे मी मुद्दाम सांगत नाही.

इकडे बोंब उठली तेव्हा दोन दिवसांत खुलासा आला, की बांगलादेश, श्रीलंकेसह सहा देशांना ९९,१५० टन कांदा द्यायला परवानगी आहेच. मैत्रीचं माप टनात असतं, हे तेव्हा कळलं. ४ मेला बंदीच उठली. पण टनाला किमान ५५० डॉलर दर आणि वर ४० टक्के शुल्क. नंदुरबारचं मतदान १३ मेला, नाशिक-दिंडोरीचं २० मेला.

बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांना हे मतदानाचं पंचांग कुणी वाचून दाखवलं नव्हतं. सप्टेंबर २०१९मध्ये, महाराष्ट्र-हरियाणाच्या निवडणुका तोंडावर असताना, निर्यात अशीच बंद झाली. ऑक्टोबरात त्या दिल्लीत आल्या आणि हसत हसत म्हणाल्या, की आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता स्वयंपाक्याला कांद्याविना रांधायला सांगितलंय. बांगलादेशानं मग तुर्कस्तान, इजिप्तकडून कांदा मागवला, विमानानंसुद्धा. बाई साउथ ब्लॉकमधल्या परराष्ट्र खात्याकडे बघत राहिल्या, पण चुकीच्या दारात. १९९८ साली कांद्यानं दिल्ली राज्यातलं भाजपचं सरकार घालवलं, तेव्हापासून आपलं कांद्याचं परराष्ट्र खातं भाजीबाजारात बसतं.

२०२४ला नंदुरबार आणि दिंडोरी, दोन्ही जागा भाजपच्या हातून गेल्या. १३ सप्टेंबरला किमान दराची अट गेली, शुल्क निम्म्यावर आलं. महाराष्ट्र विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं.

ढाका आणि कोलंबोच्या व्यापारी मंडळींना कळकळीची विनंती : वकिलातीत खेटे घालू नका. आमच्या निवडणूक आयोगाचं वेळापत्रक मागवा आणि गोदामाच्या दारावर चिकटवा.